हातगाडीवरची चित्रकथा

माझ्या नवऱ्याचं नाव गंगाराम. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण नुसतं 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर गोष्टीत गोंधळ होईल. म्हणून या गोष्टीपुरतं मी त्याला नावानं हाक मारणार आणि अरेतुरेही करणार. समोर असला की 'अहो'च म्हणते, काळजी नसावी.

लग्न जमवताना माझ्या भावानं, बाजीरावदादानं, सांगितलं होतं की मुलगा आर्टिस्ट आहे. मला वाटलं, नाटकात काम करत असेल. मुंबईजवळ शिरवण्याच्या चाळीत आले तर एका खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, माझी सासू, आणि पत्र्याच्या उपड्या पेटीवर वाकून बसलेला हा माणूस. समोर जाड कागद, त्यावर चौकटी आखलेल्या. मी विचारलं, नकाशे काढता का? तो म्हणाला, "चित्रकथा. गोष्टच असते, पण चित्रांतून सांगायची."

पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या शेजारी बसून बघितलं. शाईत टाक बुडवून रेघ ओढताना तो श्वास धरायचा आणि रेघ संपली की सोडायचा. एका चौकटीत एका बाईनं हातोडा उचललेला. शेजारच्या चौकटीत दगडाचे दोन तुकडे.

"अहो, मधला घाव काढायचा राहिला," मी म्हटलं.

"तो तू घातलास," गंगाराम म्हणाला. "आत्ता, या चौकटीतून त्या चौकटीत जाताना."

मी परत बघितलं. दोन चौकटींच्या मध्ये बोटभर कोरा कागद होता, बाकी काही नाही. आणि खरंच, माझ्याच हातून घाव पडला. आवाजसुद्धा आला. मी थक्क झाले. सहावी पास बाई मी, चाळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवणारी. मला आजवर कुणी गोष्टीत काम दिलं नव्हतं. पुढे मी त्याच्यावर शंभरदा चिडले असेन, पण त्याच्या कामाला फालतू म्हणायची माझी जीभ कधी धजली नाही.

ती हातोडावाली बाई म्हणजे माझी सासू, बायजाबाई. आमच्या जालन्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या तिकडूनच नवऱ्याबरोबर, कडेवर लेकरू घेऊन, इथल्या डोंगरातल्या दगडखाणीत आली. तेव्हा इकडे रस्ते होत होते, कारखाने उठत होते आणि सगळ्यांना खडी हवी होती. गंगाराम चार वर्षांचा असताना खाणीत सुरुंग अवेळी उडाला आणि माझे सासरे सिताराम गेले. आत्यानं त्याच खाणीत खडी फोडून मुलाला मोठं केलं. सासऱ्यांचा फोटो नाही. खाणकामगाराचा फोटो कोण काढणार? गंगारामला बापाचा चेहरा आठवत नव्हता, आणि आत्या त्या माणसाबद्दल अक्षर बोलत नव्हती. गंगाराम खाणीची चित्रं काढायला बसला की ती भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडायची. एकदाही तिनं मान वळवून बघितलं नाही.

गंगाराम मात्र वर्षानुवर्षं तिचीच गोष्ट काढत होता. दिवसा तुर्भ्याला एका पेंटरकडे दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि उरलेल्या वेळात ही बाई. चित्रं घेऊन तो मुंबईला मासिकांच्या कचेऱ्यांत जायचा. एक संपादक म्हणाले, राजा काढा, राक्षस काढा. दुसरे म्हणाले, बाई ठीक आहे, पण जरा देखणी करा, गालाला खळी द्या. तिसऱ्यांनी चहा पाजला आणि खाणीत कुणाला रस आहे, असं प्रेमानं विचारलं. एका दिवाळी अंकात एक पान छापून आलं, तेही कापून अर्धं, खाली साबणाची जाहिरात. दर वेळी तो परत यायचा, हातपाय धुऊन जेवायचा आणि पुन्हा पेटीपुढे बसायचा. मला त्याचाच अचंबा वाटायचा. एवढं ऐकून घेऊन परत त्याच बाईचा तोच हात, तोच हातोडा, परत पहिल्यापासून. कुठून आणत असेल हा माणूस एवढं बळ? माझा एक गळा चुकला तर मी दिवसभर मशीनकडे ढुंकून बघत नाही.

शहाऐंशी सालच्या शिमग्याच्या सुमाराला ते आटलं. मुंबईहून आला आणि न जेवताच आडवा झाला. कुणी काय म्हटलं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं टाक, ब्रश, शाई सगळं एका फडक्यात बांधलं आणि खाटेखाली सरकवलं. मग माझ्या भावाकडे गेला. दादा पावण्याच्या एका कारखान्यात कायम होता आणि ह्याला केव्हापासून बोलावत होता. आंबेडकर जयंतीच्या दुसऱ्या दिवसापासून कामावर जायचं ठरलं.

"कामावरून आल्यावर काढता येईल की," मी म्हटलं.

"काढून काय करू? बघणार कोण?" गंगाराम म्हणाला. "तू एकटी किती बघशील? संपलं आता ते."

मला आनंद व्हायला हवा होता. कायमची नोकरी म्हणजे काय असतं ते चाळीतल्या कुठल्याही बाईला विचारा. पण मला भीती वाटली. रेघ ओढताना श्वास धरणारा माणूस खोलीतून निघून गेला होता आणि त्याच्या जागी दुसराच कुणीतरी भिंतीला टेकून बसला होता. मी चिडचिड करून बघितली, गोड बोलून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

बाजीरावदादा आमच्या जयंती मंडळाचा सेक्रेटरीही होता. एके दिवशी तो एक टेम्पो घेऊन आला. कारखान्यात यंत्रं मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून यायची. त्या खोक्यांच्या प्लायवूडच्या नऊ फळ्या, एकेक दाराएवढी, त्यानं आमच्या दारात उतरवल्या.

"दाजी, नोकरी लागायच्या आधी मंडळाचं एक काम करून टाका," दादा म्हणाला. "यंदा मिरवणुकीत पब्लिकला कायतरी नवीन पायजे. ट्रकच्या मागं हातगाड्या लावू, त्याच्यावर तुमची चित्रं. बाकीचं टेन्शन माझ्यावर सोडा."

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, त्यात ह्या नऊ फळ्या. चाळीची मालकीण गोजराबाई, गावातलीच आगरीण, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गो, मना जावाला वाट ठेवशाल का नाय? घर हाय का वखार हाय?" मी तिला चहा देऊन गप्प केलं.

गंगारामनं दोन दिवस फळ्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं एका फळीवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "शेवटचंच आहे ना? मग मला हवं तेच काढतो."

खाणीतल्या बाईची अख्खी गोष्ट त्यानं नऊ चित्रांत बसवली. नवराबायको लेकराला घेऊन डोंगराखाली येऊन उभे राहतात. दगड फोडतात. दुपारी ट्रकच्या सावलीत भाकरी खातात. तो सुरुंगाची वात पेटवतो. मग नुसता धुरळा. मग पांढऱ्या चादरीखाली तो. मग कपाळ मोकळं झालेली ती, एकटी, दगड फोडताना. मग खडी ओतणारा ट्रक. आणि शेवटी रुंद, काळाभोर, नवाकोरा रस्ता आणि त्यावरून लेकराचा हात धरून चालत जाणारी ती बाई.

"बोलण्याचे फुगे कुठं आहेत?" मी विचारलं. त्याच्या चित्रांत माणसांच्या तोंडापाशी फुगे असायचे आणि त्यात त्यांचं बोलणं.

"नाहीत. मायला वाचता येत नाही. निम्म्या वस्तीला येत नाही. ज्यांची गोष्ट आहे त्यांना कळायला नको का?"

चुना, गेरू, कोळसा, नीळ, आणि सगळं धरून ठेवायला डिंक. धुरळ्याच्या चित्रासाठी तो खडीच्या क्रशरवर जाऊन पिशवीभर दगडाची भुकटी घेऊन आला आणि ती रंगात कालवली. त्या फळीवर दुसरं काहीच नव्हतं. तरी तिच्यापुढे उभं राहिलं की माझा हात आपोआप पदराकडे जायचा आणि मी नाक झाकून घ्यायचे. एक माणूस चुन्याला आणि भुकटीला एवढं सगळं करायला लावतो, हे मी अगदी जवळून बघत होते आणि तरी मला कळत नव्हतं कसं.

अडलं ते सासऱ्यांच्या चेहऱ्यापाशी. कागदावर तो बापाला नेहमी पाठमोरा काढायचा, नाहीतर डोक्यावरून टॉवेल घेतलेला. दाराएवढ्या फळीवर ते कसं चालणार? शेवटी त्यानं दाढीचा आरसा काढला. सासरे गेले तेव्हा ते गंगारामच्याच वयाचे होते. तो म्हणाला, दुसरा चेहरा आणू कुठून? पण पहिल्या चित्रातला माणूस त्याला हसरा हवा होता, आणि आरशापुढे हा हसायला लागला की दाढ दुखतेय असं दिसायचं. मग मी कमरेवर हात ठेवले आणि गोजराबाईची अख्खी नक्कल करून दाखवली, वखारीसकट. गंगाराम असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. एका हातात आरसा धरून दुसऱ्या हातानं त्यानं ते हसणं पकडलं. आत्या तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करूनच होती, पण तिचा तांदूळ निवडणारा हात थांबला होता.

जयंतीच्या दिवशी सकाळीच गंगारामनं फळ्या क्रशरच्या लांब भिंतीला ओळीनं लावल्या आणि वर जुन्या साड्या टाकल्या. पहिलं चित्र डावीकडे, शेवटचं उजवीकडे. पुस्तकात असतं तसं. दुपारी बाजारातून हातगाड्या आल्या, ज्या फळीसमोर जी गाडी तिच्यावर ती फळी चढली, दोऱ्यांनी बांधली आणि मंडळी निघायची वाट बघत उभी राहिली. मंडळात मॅट्रिक झालेले होते, कॉलेजात जाणारे होते. एकाच्याही लक्षात आलं नाही की कंपाउंडचं फाटक उजव्या बाजूला आहे.

मी आणि आत्या शिरवण्याच्या नाक्यावर एका दुकानाच्या पायरीवर उभ्या होतो. आत्या पांढरं पातळ नेसून आली होती. चित्रांसाठी नाही, ट्रकवरच्या फोटोला हार घालायला. सगळी वस्ती लोटली होती, आणि उन्हं कलली तरी डांबर भाजत होतं. निळे झेंडे दिसले, मग फुलांनी मढवलेला ट्रक आला. आत्यानं हार दिला, हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चल आता घरी." तेवढ्यात पहिली हातगाडी आली.

तिच्यावर रस्ता होता. काळाभोर, नवाकोरा, आणि त्यावरून जाणारी बाई.

हे तर शेवटचं चित्र! मागे बघितलं तर खडी ओतणारा ट्रक येत होता, त्याच्यामागे ती एकटी बाई. सगळं उलटं. मला तिथल्या तिथं रडू फुटलं. त्याचं शेवटचं काम, आणि ज्यांच्यासाठी केलं ती सगळी माणसं रस्त्यावर उभी असताना असं व्हावं! लांबून गंगारामचा आवाज येत होता, "थांबवा! गाड्या थांबवा!" दादा शिट्टी वाजवत इकडून तिकडे पळत होता, पण पुढून ट्रक ओढत होता आणि मागून बेंजोवाले ढकलत होते. मिरवणूक काही थांबायला तयार नव्हती.

आणि माझ्या मनगटावर आत्याची बोटं रुतली. खडी फोडलेली बोटं ती. मी बघितलं तर आत्या गाड्यांकडे बघत होती. ज्या बाईनं त्या चित्रांकडे कधी मान वळवली नाही, ती डोळ्याची पापणी न लववता बघत होती.

चादर गेली. मग धुरळ्याची फळी आली. एवढी मोठी राखाडी फळी, तिच्यावर काही नाही, आणि नाक्यावर बायकांचे हात पदराकडे गेले. माझ्या आजूबाजूला निम्म्या बायका खाणीवरच्या होत्या. त्यांना तो धुरळा ओळखायला कुणी शिकवायची गरज नव्हती. प्रत्येकीला ठाऊक होतं की त्या धुरळ्याआड चादर असते.

पण चादर तर पुढे निघून गेली होती. धुरळ्यामागून आला तो माणूस. उभा, धडधाकट, हातात पेटती काडी.

"उठला गो तो!" गोजराबाई ओरडली. ती कधी आमच्या मागे येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक.

त्याच्यामागच्या गाडीवर तो भाकरी खात होता. त्याच्यामागे घण उचलत होता. दर फळीबरोबर डोंगराचा फोडलेला भाग भरून येत होता आणि तो माणूस ताजातवाना होत होता. मी ती चित्रं होताना बघितली होती, त्यांतला रंग मी ढवळला होता, आणि तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देवाधर्माच्या कथा आम्ही सोडल्या. मेलेला माणूस उठतो ह्यावर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी शिरवण्याच्या नाक्यावर, भर रस्त्यात, हातगाड्यांवर एक माणूस मरणातून माघारी आला, आणि तो येताना बघणारी मी एकटी नव्हते, अख्खी वस्ती होती. बायका रडत होत्या आणि हसत होत्या. पोरंटोरं पुढे धावत जाऊन पहिल्या गाडीपासून परत बघत येत होती.

शेवटची गाडी गंगाराम स्वतः ओढत होता. पहिलं चित्र म्हणून हौसेनं त्यानंच ती धरली होती. वर फळीवर अख्खा डोंगर, त्याच्या पायथ्याशी कडेवर लेकरू घेतलेली तरुण बाई आणि तिच्याशेजारी खदाखदा हसणारा तिचा नवरा. खाली गाडीच्या दांड्याला तोच चेहरा, घामानं निथळलेला आणि मेल्याहून मेल्यासारखा झालेला.

लेझीमवाल्यांसाठी ट्रक पुढे थांबला आणि गाड्याही थांबल्या. आत्या पायरी उतरून थेट रस्त्यात गेली. मी तिच्यामागे.

"माय, उलटं झालं गं सगळं," गंगाराम म्हणाला. "शेवटापासून सुरू झालं. पुस्तकासारखं लावलं मी, फाटकाकडे बघितलंच नाही."

आत्यानं फळीवर हात टेकवला. रंग तिच्या हाताला लागला. "उलटं कसलं? धुरळ्यातून उठून आला की त्यो. म्या माह्या डोळ्यानं बघितलं."

"चेहरा माझाच आहे, माय. आरशात बघून काढला. त्यांचा मला आठवत नाही."

"तोंड तुहं हाये," आत्या म्हणाली. "हसनं त्याचंच हाये."

गंगारामनं वर फळीकडे बघितलं. ते हसणं त्यानं माझ्या नकलेवर हसून काढलं होतं. ते कुणाचं होतं हे त्याला आत्ता कळत होतं. मलाही आत्ताच कळत होतं.

दादा धापा टाकत आला. "दाजी, टेन्शन घेऊ नका, पब्लिक खूश आहे एकदम! आणि उद्या सातला पावण्याला, विसरू नका."

"येतो," गंगाराम म्हणाला, पण दादाकडे न बघता.

आत्या गाडीच्या मागच्या बाजूला गेली आणि लांब रस्त्यावर बघून आली. तिथं फक्त बेंजोवाले होते. "ह्याच्या आदीचं कुठं हाये?" तिनं विचारलं.

"आधीचं? हे पहिलंच चित्र आहे, माय."

"पहिलं कसं आसंल? आमी काय ह्या डोंगराखालीच उगवलो व्हय?"

"त्याच्या आधीचं मला काय माहीत? तू कधी सांगितलंच नाहीस."

"आता सांगते. तू काढ." आणि इतकी वर्षं जिनं नवऱ्याबद्दल अक्षर काढलं नव्हतं ती बाई भर मिरवणुकीत, हातगाडीला टेकून, बोलायला लागली. "लग्नाच्या दिशी त्याच्या पायात येकच वहाण व्हती. वऱ्हाड दुधना वलांडून येत व्हतं, तवा दुसरी पान्यात गेली. तसाच मांडवात आला. येक पाय अनवानी आन् दात काढून हसतोय. माहा बाप लई चिडला. म्या मातर पदराआडून बघितलं आन् म्हनलं, ह्यो चालंल."

ट्रक सुरू झाला. बेंजोवाले वाजवायला लागले. मागून लोक ओरडत होते, गाडी ओढा, गाडी ओढा. दादानं दांडा धरायला माणूस पुढे केला तरी गंगाराम बाजूला होईना. तो आईच्या तोंडाकडे बघत होता, आणि मला दिसलं, त्यानं श्वास धरून ठेवला होता.

"कोणत्या पायात, माय?" त्यानं विचारलं. "राहिलेली वहाण कोणत्या पायात होती?"